यहोशवाच्या याद्या आणि आपल्या गावांची शीव

पवित्र शास्त्राचे सलग वाचन करण्याचा संकल्प ज्या घरांत होतो, तेथे यहोशवाच्या ग्रंथापाशी एक ठरावीक प्रसंग घडतो. यरीहोचा तट कोसळेपर्यंत मुले कान देऊन ऐकत असतात. पुढे लढाया संपतात, भूमीची वाटणी सुरू होते आणि पंधराव्या अध्यायात गावांच्या नावांची जी रांग लागते, ती काही केल्या संपत नाही. वाचणाऱ्याची जीभ अडखळते, धाकटी भावंडे हसू लागतात, आणि घरातील वडील माणूस समजूतदारपणे सांगते, "पुढचे पान घ्या." आम्हीही लहानपणी ती पाने अशीच उलटली आहेत. मोठेपणी मात्र त्याच पानांवर आमचे मन अडकले. त्याला कारण आमचा नगर जिल्हाच झाला.

तेराव्या अध्यायापासून एकविसाव्यापर्यंत या ग्रंथात दोन प्रकारचे मजकूर एकमेकांत विणलेले आहेत. एक प्रकार सीमांच्या वर्णनाचा, दुसरा गावांच्या यादीचा. प्रथम सीमेकडे पाहू. यहूदा वंशाची उत्तरेकडील हद्द सांगताना लेखक नकाशा काढीत नाही. ती हद्द चढते, वळसा घेते, झऱ्यापाशी येते, दरीच्या कडेने जाते, डोंगरमाथ्यावर पोहोचते, अमक्याच्या धोंड्याशी उतरते आणि अखेरीस समुद्राला मिळते. सारी क्रियापदे पायांची आहेत. हे वर्णन ज्याच्या तोंडून प्रथम निघाले असेल, त्याने ती हद्द चालून पाहिली असली पाहिजे.

आपल्या मुलखात ही चाल कोणाची होती, हे निराळे सांगावयास नको. मोजणीच्या साखळ्या येण्यापूर्वी गावची शीव कोणत्या ओढ्याने जाते, कोणत्या टेकाडाला वळसा घालते आणि कोणत्या धोंड्याशी थांबते, हे नेमके ठाऊक असणारा माणूस म्हणजे गावचा महार वतनदार. दोन गावांत शिवेचा तंटा लागला की त्याची साक्ष मोलाची मानली जाई. शपथ घेऊन तो शीव चालून दाखवी आणि पाटील, कुळकर्णी व पांढरीची माणसे त्याच्या मागून चालत. नगर जिल्ह्यातील आपल्या धर्मग्रामांत आज जी कुटुंबे आहेत, त्यांतील पुष्कळांचे पूर्वज या आणि मांग समाजांतून ख्रिस्तसभेत आले. गावाची मर्यादा ज्यांच्या पावलांनी ठरत होती, त्यांची स्वतःची घरे गावकुसाबाहेर होती. हा विरोध मनात ठेवून यहोशवाचे ते अध्याय वाचले, म्हणजे त्यांतील कोरडेपणा कोठल्या कोठे जातो. शेजाऱ्याचा सीमेचा धोंडा सरकवणाऱ्याला अनुवादाच्या ग्रंथात शाप दिला आहे. तो शाप ऐकताना आपल्या आजोबा-पणजोबांना भाषांतराची गरज पडली नसेल.

आता गावांच्या याद्या. त्यांत सर्वांत भरगच्च यादी यहूदाची. नेगेबचा कोरडा दक्षिण भाग, पश्चिमेचा सखल शफेला, मधला डोंगराळ प्रदेश आणि मृत समुद्राकाठचे रान, असे तिचे भाग पाडले असून प्रत्येक गटाअखेर बेरीज दिली आहे. ती बेरीज सर्वत्र जुळत नाही. नेगेबच्या गटाला एकोणतीस नगरे म्हटले आहे. नावे मोजावयास बसले तर ती छत्तिसाच्या घरात जातात. तलाठ्याच्या दप्तराशी ज्यांचा संबंध आला आहे, त्यांना याचे नवल वाटणार नाही. जुन्या यादीत नवी नावे भरली जातात आणि खालचा आकडा तसाच राहतो.

या नावांचा थोडा उलगडा केला तर ती आपल्याशी बोलू लागतात. 'एन' म्हणजे झरा, 'बेर' म्हणजे विहीर, 'बेथ' म्हणजे घर, 'किर्याथ' म्हणजे नगर, 'रामा' म्हणजे उंचवटा. एन-गेदी हा करडांचा झरा. आपल्याकडे वडगाव, पिंपळगाव, बोरगाव झाडांवरून पडली. तेथे पाण्याच्या नावांची दाटी आहे, हे त्या भूमीचे दुर्भिक्षच सांगते. एका यादीत सोको नावाची दोन गावे आहेत, एक सखल भागात व एक डोंगरात. आमच्या जिल्ह्यात टाकळीभान श्रीरामपूर तालुक्यात, टाकळी ढोकेश्वर पारनेर तालुक्यात आणि टाकळी काझी नगर तालुक्यात आहे. नुसते 'टाकळी' म्हणून पत्र टाकणाऱ्याचे काय होईल ते सांगता येत नाही. वरचे बेथ-होरोन आणि खालचे बेथ-होरोन वाचताना आपले बुद्रुक व खुर्द आठवतात. मोठ्या नगराच्या आश्रयाने वसलेल्या वस्त्यांना तर इब्री भाषेत काही ठिकाणी त्या नगराच्या 'कन्या' म्हटले आहे. मराठीत वाडी म्हणतात ती हीच. गावाची वाडी आणि नगराची कन्या, दोन्हींचे भाग्य सारखेच: सारा द्यावयाचा मूळ गावाच्या नावे आणि बेरजेत स्वतंत्र आकडा नाही.

याद्यांत जुनी-नवी नावे शेजारी शेजारी येतात, तेही लक्षात घेण्याजोगे आहे. किर्याथ-आर्बा म्हणजे हेब्रोन, दबीरचे पूर्वीचे नाव किर्याथ-सेफर, यबूस म्हणजे यरुशलेम. नाव बदलले तरी जुने पुसावयाचे नाही, अशी लेखकाची रीत दिसते. भिंगारजवळ १४९० मध्ये मलिक अहमदाने वसविलेले नगर पाचशेहून अधिक वर्षे अहमदनगर म्हणून ओळखले गेले आणि २०२४ मध्ये ते व त्याचा जिल्हा अहिल्यानगर झाले. श्रीरामपूरला आगगाडीने उतरणाऱ्याला फलाटावरची पाटी बेलापूर अशीच दिसते, आणि मूळचे बेलापूर गाव तेथून काही अंतरावर प्रवरेच्या काठी आहे. यहोशवाचा लेखक हरेगावच्या यात्रेला आला असता, तर श्रीरामपूरच्या स्थानकावर तो मुळीच गोंधळला नसता.

पण ही यादी मुळात केली कोणी आणि कशासाठी? ती यहोशवाच्या काळीच तशीच्या तशी लिहिली गेली, असे आज अभ्यासक सहसा मानीत नाहीत. जर्मन पंडित आल्ब्रेख्ट आल्ट यांनी १९२५ मध्ये असे दाखविले की, यहूदाची यादी ही राज्याच्या कारभारासाठी पाडलेल्या परगण्यांची यादी आहे आणि तिचा काळ योशीया राजाचा, म्हणजे इ. स. पूर्व सातव्या शतकाचा उत्तरार्ध असावा. १९५६ मध्ये फ्रँक क्रॉस आणि अर्नेस्ट राइट या अमेरिकन विद्वानांनी ती आणखी मागे, नवव्या शतकातील यहोशाफाट राजापर्यंत नेली. वाद मिटलेला नाही. तथापि एन-गेदीच्या उत्खननात तेथील वसाहत सातव्या शतकाच्या अखेरीस उभी राहिल्याचे आढळले, आणि यादीत तर एन-गेदीचे नाव आहे. ही गोष्ट आल्ट यांच्या बाजूने जाते, असे आम्हांला वाटते. पवित्र शास्त्रात सरकारी दप्तराचा कागद यावा, याने कोणी श्रद्धावान अस्वस्थ होऊ नये. प्राचीन लेखक कोणत्या लेखनप्रकारात लिहितो ते ओळखूनच त्याचा अर्थ लावावा, असे पोप बारावे पायस यांनी १९४३ च्या परिपत्रकातच सांगून ठेवले आहे.

दप्तर म्हटले की वसुली आली. यहूदाच्या भूमीत इ. स. पूर्व आठव्या शतकाच्या अखेरचे मोठे रांजण सापडतात. त्यांच्या मुठींवर 'राजाचे' असा शिक्का असून त्याखाली चारांपैकी एका गावाचे नाव असते. अशा मुठी दोन हजारांच्या वर मिळाल्या आहेत. चार नावांपैकी हेब्रोन, जीफ आणि सोको ही यहोशवाच्या यादीत आहेत. चौथे कोठले, ते आजतागायत निश्चित झालेले नाही. गाव होते, तेथला माल राजाच्या नावे रांजणांत भरला जात होता, आणि तरी ते यादीत नाही.

याद्या वसुलीसाठीच होतात असे मात्र नव्हे. आमच्याच जिल्ह्याशी निगडित असे याचे उदाहरण मराठी वाङ्मयात आहे. तेराव्या शतकात चक्रधरस्वामी गोदावरीच्या दोन्ही तीरांवर फिरले. ते गेल्यानंतर त्यांच्या अनुयायांनी, स्वामी कोठे उतरले, कोणत्या देवळात बसले, त्या देवळाचे दार कोणत्या दिशेस होते, याची गाववार नोंद चौदाव्या शतकात 'स्थानपोथी'त केली. तिच्यात नेवासे आहे, बेलोपूर आहे, गोदेकाठचे डोमेग्राम आहे. डोमेग्राम म्हणजे श्रीरामपूर तालुक्यातील आजचे कमालपूर. या पोथीला राजा नव्हता, सारा नव्हता. विस्मरणाची धास्ती तेवढी होती. डॉ. वि. भि. कोलते यांच्या संपादनामुळे ती आज कोणालाही वाचावयास मिळते. देवळे पडली, गावांची नावे बदलली, तरी पोथी हाती घेऊन ती स्थाने शोधता येतात.

यहूदाच्या यादीचेही पुढे असेच झाले. जो कागद राजाच्या कारकुनाने केला, तो राज्य बुडाल्यावर बाबेलच्या बंदिवासातील लोकांच्या हाती आठवणीचा कागद म्हणून उरला. एज्रा आणि नहेम्या यांच्या ग्रंथांत परतलेल्या लोकांची मोजदाद आहे. ती काही कुळांच्या नावांनी आणि काही गावांच्या नावांनी केलेली आहे. एज्राच्या दुसऱ्या अध्यायात बेथलेहेमचे १२३ आणि अनाथोथचे १२८ आहेत. त्यांतल्या पुष्कळांनी ते गाव डोळ्यांनी पाहिलेलेही नसणार. नेवासे आणि शेवगाव तालुक्यांतील ज्यांची गावे जायकवाडीच्या नाथसागराखाली गेली, त्यांना हे समजावून सांगावे लागत नाही.

या याद्यांच्या मधोमध काही माणसे अचानक उभी राहतात, आणि त्यांत स्त्रिया आहेत. कालेबाची कन्या अखसा हिला नेगेबकडची कोरडी जमीन मिळाली. ती गाढवावरून उतरली आणि बापाला म्हणाली की, जमीन दिलीत तसे पाणीही द्या. त्याने तिला वरचे झरे दिले आणि खालचेही दिले. ज्या जिल्ह्यात लेक देताना सोयऱ्याच्या विहिरीला पाणी किती, याची चौकशी आधी होते, तेथे अखसेची गोष्ट प्रवचनांतून इतकी क्वचित का ऐकू येते, हे कोडे आम्हांला सुटलेले नाही.

दुसरी गोष्ट सलाफहादाच्या पाच कन्यांची: महला, नोआ, होग्ला, मिल्का, तिरसा. बापाला मुलगा नव्हता. मोशेपुढे उभे राहून त्यांनी बापाचा वाटा मागितला होता; यहोशवाच्या सतराव्या अध्यायात तो त्यांच्या पदरात पडला. ही कथाच असेल असे कोणी म्हणू शकले असते. परंतु १९१० मध्ये शोमरोनच्या राजवाड्याच्या परिसरात शाईने लिहिलेल्या खापऱ्या सापडल्या. त्या इ. स. पूर्व आठव्या शतकातील असून कोठून किती द्राक्षारस व तेल आले, याच्या त्या नोंदी आहेत. त्यांत मनश्शे वंशातील अबीएजेर, हेलेक, शमीदा ही नावे प्रदेशांची म्हणून येतात. आणि त्यांच्याच जोडीला नोआ आणि होग्ला ही दोन नावे येतात. बापाचा वाटा मागणाऱ्या मुलींची नावे शिवाराला पडली होती आणि त्या शिवारातून राजधानीकडे माल जात होता. सात-बाऱ्याच्या उताऱ्यावर बहिणीचे नाव लागू नये म्हणून हक्कसोडपत्रावर तिची सही घेण्याची घाई ज्या कुटुंबांत होते, त्यांतील काही कुटुंबे आपल्याच धर्मग्रामांत आहेत. त्यांनी या खापऱ्यांची हकीकत एकदा घरात मोठ्याने वाचावी.

तिसरी गोष्ट गिबोनकरांची, आणि ती आम्हांला सर्वांत जिव्हाळ्याची वाटते. हे लोक इस्राएली नव्हेत. फाटके कपडे आणि बुरसटलेल्या भाकरी दाखवून, आपण फार दूरदेशीचे आहोत असे भासवून त्यांनी यहोशवाकडून अभय मिळविले. लबाडी उघडकीस आली तेव्हा दिलेला शब्द मोडता येईना. म्हणून प्राण वाचले, पण मंडळीसाठी आणि वेदीसाठी लाकडे तोडण्याचे व पाणी भरण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या माथी आले. लाकडे फोडून देण्याचे काम आपल्या मुलखात कोणाकडे होते, ते जुन्या माणसांना ठाऊक आहे. एक फरक मात्र विसरता येत नाही. गिबोनकरांचे पाणी वेदीला चालत होते. आपल्या पूर्वजांनी फोडलेली लाकडे गावाला चालत, त्यांच्या हातचे पाणी चालत नसे.

यानंतर अठराव्या अध्यायात बन्यामीनाच्या नगरांची यादी येते. तिच्यात गिबोन आहे, बैरोथ आहे, कफीरा आहे. लाकूडतोड्यांची आणि पाणक्यांची गावे इतर नगरांच्या बरोबरीने, त्याच ओळींत, त्याच बेरजेत धरली आहेत. त्यांच्यासाठी निराळा शेरा नाही. यरुशलेमच्या उत्तरेस अल-जिब नावाचे खेडे आहे. तेथे १९५६ ते १९६२ या काळात जेम्स प्रिचर्ड यांनी उत्खनन केले, तेव्हा खडकात खोदलेली प्रचंड गोल विहीर व तिच्यात उतरणाऱ्या ७९ पायऱ्या उघड्या झाल्या. विहीर मातीने बुजलेली होती, आणि त्या मातीत सापडलेल्या रांजणांच्या मुठींवर 'गिबोन' असे नाव कोरलेले होते. पाणी भरणाऱ्यांच्या गावाची ओळख अखेर विहिरीनेच पटवून दिली. आपल्याकडे पाहावे तर १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने संपली, ती योग्यच संपली. पण गावची शीव ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या राखली, त्यांची वस्ती गावाच्या नकाशात कित्येक ठिकाणी नुसत्या दिशेने ओळखली जात राहिली.

यादीत कोण आहे हे पाहिले. आता कोण नाही तेही पाहू. यहूदाची इब्री यादी कितीही वेळा वाचली तरी तिच्यात बेथलेहेम सापडत नाही. दाविदाचे गाव, आणि नाव नाही! खुलासा ग्रीक भाषांतरात मिळतो. सत्तर पंडितांचे म्हणून प्रसिद्ध असलेल्या त्या प्राचीन भाषांतरात पंधराव्या अध्यायाच्या एकोणसाठाव्या वचनाशी अकरा नगरांचा एक पूर्ण गट आहे. तो आजच्या इब्री प्रतीत नाही, आणि त्यात तकोवा व एफ्राथा, म्हणजेच बेथलेहेम, यांची नावे आहेत. प्रत्येक गटाच्या अखेरीस नगरे व त्यांची खेडी असे तेच ते शब्द येतात. नक्कल करणाऱ्याची नजर एका शेवटावरून पुढच्या शेवटावर गेली आणि मधली अकरा नगरे गळाली, असे अभ्यासक मानतात. काही आधुनिक कॅथलिक भाषांतरांनी ती परत जागेवर बसविली आहेत. कोणाचा दुष्ट हेतू नव्हता. दमलेल्या लेखनिकाची एक पापणी लवली, एवढेच.

नाझरेथचे मात्र असे नाही. जबुलूनाच्या यादीत बारा नगरे सांगितली आहेत. त्यांत त्या भागातले निराळे एक बेथलेहेम आहे, याफीय आहे. आणि याफीय नाझरेथपासून अवघ्या दोन-तीन किलोमीटरांवर मानले जाते. नाझरेथ नाही. इब्री आणि ग्रीक, दोन्हींत नाही; अवघ्या जुन्या करारात नाही. गालीलात सेनापती म्हणून वावरलेला इतिहासकार योसेफस त्या प्रांतात दोनशे चार नगरे व खेडी असल्याचे लिहितो. याफाचे नाव तो घेतो, शेजारच्या नाझरेथचे घेत नाही. येथे कोणाच्या हातून ओळ सुटलेली नाही. ते गाव मोजण्याजोगे कोणाला वाटलेच नाही. योहानाच्या शुभवर्तमानातील नथनेलाने नाझरेथचे नाव ऐकताच जी शंका काढली, तिच्यामागे ही सारी कोरी पाने आहेत.

पुढे इ. स. ७० मध्ये यरुशलेमचे मंदिर जळाले आणि दुसऱ्या शतकातील बंडानंतर त्या शहरात राहण्याची यहुद्यांना मनाई झाली. याजकांची चोवीस कुळे कालांतराने गालीलात विखुरली. कोणते कूळ कोठे राहिले, याचीही एक यादी झाली आणि ती संगमरवरावर कोरून लावली गेली. १९६२ मध्ये समुद्राकाठच्या कैसरियाच्या उत्खननात त्या फलकाचे तुकडे मिळाले. ते इसवी सनाच्या तिसऱ्या-चौथ्या शतकातील मानले जातात. अठरावे कूळ ज्या गावी वसले, त्या गावाच्या नावाची इब्री अक्षरे एका तुकड्यावर आहेत, आणि ते गाव नाझरेथ आहे. ज्यांचे सर्वस्व गेले होते अशा विस्थापितांनी आपल्या यादीत ते गाव प्रथम लिहिले.

आपल्या धर्मग्रामांतील जुन्या बाप्तिस्मा-नोंदवह्या अशाच पाहण्यासारख्या आहेत. नावापुढे आईबापांची नावे आणि मग गाव. परदेशी फादरांनी कानाला जसे ऐकू आले तसे ते रोमन अक्षरांत लिहिलेले असते. कोठे वाडीचे नाव, कोठे नुसती वस्ती. ज्या ठिकाणांना सरकारी यादीत वेगळा आकडा नव्हता, ती येथे एकेका बालकाच्या नावापुढे स्वतंत्र उभी आहेत. शाई फिकी पडत चालली आहे आणि कडांना वाळवी लागते. ज्यांना ती अक्षरे अजून लावता येतात आणि ती गावे कोठे होती हे सांगता येते, अशी वृद्ध माणसे प्रत्येक धर्मग्रामात दोन-चार तरी निघतील. त्यांना जवळ बसवून ती नावे देवनागरीत उतरवून घेण्याचे काम या हिवाळ्यात हाती घेता येईल.